सशाखालचं भुस्कट

मृग कोरडा गेला. आर्द्राही निम्मी सरली, आणि परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ते जुनं वाक्य पुन्हा आलं: "टँकर उद्या सकाळी. घागरी नंबराने लावाव्यात." मी माळ्यावर चढून प्लास्टिकच्या सहा घागरी खाली काढल्या. तळाला क्षाराचं पांढरं कडं बसलेलं होतं. धुवायला पाणी नव्हतं म्हणून कोरड्या फडक्यानं पुसल्या. फडक्याला तापलेल्या प्लास्टिकचा आणि धुळीचा जो वास लागला, तो ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्याचा होता. नाकाला तो लगेच ओळखू आला.

त्याच दुपारी पुण्याहून श्रुतीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. नोकरी लागून तिला दोन वर्षं झालीत. तिनं ससा आणला होता.

"आई, यादी करून दे ना. खाण्याच्या गोळ्या कुठल्या घेऊ, अंथरायला काय घेऊ. दुकानात गेलं की डोकं फिरतं. तुझ्यासारखी यादी कुणाला जमत नाही."

मी वही घेतली, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'खाणं', उजवीकडे 'अंथरूण'. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. कागदाच्या लगद्याचे खडे, लाकडाच्या कांड्या, नारळाचा काथ्या. सुकामेवा घातलेल्या रंगीत गोळ्या नकोत, साध्या हिरव्या हव्यात. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की सशाचं खरं जेवण म्हणजे वाळलं गवत. गोळ्या नुसतं लोणचं.

"आणि अंथरूण असं हवं की त्यानं खाल्लं तरी चालेल," ती म्हणाली. "ससे बसतात तिथंच खातात गं. आपला मुरमुरा नाही का, खालचं सगळं भुस्कट खायचा."

"कोण खायचं?"

"मुरमुरा. मी रोज बघायचे की."

मी पेन खाली ठेवलं.

*

याद्यांचं माझं वेड वडिलांकडून आलेलं आहे. लातूर जिल्हा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो झाला तेव्हा वडील एका खात्यात कारकून होते, आणि जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जे सामान ट्रकांनी आलं, ते उतरवून घ्यायला त्यांना उभं केलं होतं. कचेरी म्हणजे भाड्याची चार खोल्यांची जागा. कपाटं आली तेव्हा भिंती ओल्या होत्या, फायली आल्या तेव्हा कपाटांना कुलपं नव्हती. वडील दारात उभे राहून एकेका वस्तूपुढे खूण करायचे. मी दप्तर घेऊन पायरीवर बसायचे आणि ती निळ्या शाईची खूण कशी पडते ते बघायचे. छोटी, उजवीकडे झुकलेली. पुढे माझीही तशीच पडायला लागली.

घरी ते एक गोष्ट नेहमी सांगत. त्या सामानात एक लाकडी खुर्ची कमी भरली. यादीत होती, ट्रकात नव्हती. ट्रकाबरोबर आलेल्या शिपायाला वडिलांनी विचारलं, तो म्हणाला मला माहीत नाही. त्याला पुन्हा त्या कामावर कुणी घेतलं नाही. "यादी होती म्हणून चोर सापडला," असं वडील म्हणायचे, आणि आम्ही भावंडं माना डोलवायचो. ज्याची यादी नाही ते हरवतं, हे त्यांचं वाक्य मी पुढं कॉलेजच्या परीक्षा विभागात टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं. बैठकव्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पर्यवेक्षकांच्या पाळ्या. वीस वर्षांत माझ्या हातून एक पुरवणी इकडची तिकडे झाली नाही.

खुर्ची खरंच चोरीला गेली होती का, की मुळात ट्रकात चढलीच नव्हती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

*

मुरमुरा, आमचा ससा, आला पाण्याच्या रेल्वेआधीच्या दिवाळीत. श्रुतीचे बाबा तेव्हा बँकेच्या नांदेड शाखेत होते, दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. एका शनिवारी त्यांच्या मांडीवर सीताफळांची पाटी होती आणि पाटीत मुठीएवढा पांढरा ससा. बरोबर नांदेडच्या पाखरांच्या दुकानातली हिरव्या गोळ्यांची पिशवी. श्रुती नववीत होती. तिला कबूल केलेलं होतं, त्यामुळे माझ्या बोलण्याला जागा नव्हती. पाऊस तेव्हाच दगा देऊन गेला होता, पण नळाला आठवड्यानं का होईना पाणी येत होतं. दुष्काळ म्हणजे शेतातली गोष्ट, असं आम्ही शहरातली माणसं अजून समजत होतो.

पहिली पिशवी संपली तेव्हा मी गंजगोलाईच्या बाजारात पशुखाद्याच्या दुकानात गेले. गल्ल्यावर अप्पा बसलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पुढ्यात सरकी पेंडीची पोती.

"सशाच्या गोळ्या आहेत का?"

"सशाच्या?" अप्पांनी चष्मा वर केला. "गोळी पेंड हाय. घेऊन जावा. दूध वाढतंय."

"अप्पा, ससा आहे."

"मग काय झालं, देत न्हाई का दूध?" बाकड्यावरची दोन गिऱ्हाइकं हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कोंबडीखाद्य दाखवलं, तुरीची चुनी दाखवली, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, सांगू का, त्याच्या पुढं मूठभर पाला टाका. देवानं त्याला दात कशाला दिलेत?"

मी ते मनावर घेतलं नाही. पाला कुठून आणायचा? आणि पाल्याचं माप कसं ठेवायचं? गोळ्यांचं बरं होतं: सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. मी नांदेडहूनच गोळ्या मागवत राहिले.

अंथरुणाचं मात्र जिकिरीचं झालं. सशाचा ट्रे रोज धुवावा लागतो आणि जानेवारीपासून धुण्याला पाणी नव्हतं. नळ पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर, मग नळाची तोटी ही नुसती भिंतीवरची शोभा झाली. ट्रे धुवायला लागणार नाही असं अंथरूण मला हवं होतं. मी एकेक करून पाहिलं. आरा मशीनवरचा भुसा आणला, तर ससा शिंकायला लागला आणि श्रुतीही. वर्तमानपत्र फाडून घातलं, ते भिजून ट्रेच्या तळाला चिकटायचं, खरवडायला तांब्याभर पाणी जायचं. शेंगांची टरफलं त्याच्या तळपायांना टोचायची. तीन नावांवर काट मारून झाल्यावर मला तुरीचं भुस्कट आठवलं.

तुरीची रास झाल्यावर खाली जे उरतं ते भुस्कट. वाळला पाला, फुटलेल्या शेंगांच्या कवच्या, बारीक काड्या. मऊ, हलकं, ओल शोषून घेणारं. मूठ नाकाशी नेली तर उन्हात ठेवलेल्या वरणाच्या भांड्यासारखा वास येतो. अहमदपूरकडं माझ्या भावाचं शेत आहे. त्याला फोन केला.

"ताई," तो म्हणाला, "माझी बैलं छावणीत उभी हायत. अन् तू सशाच्या बुडाखाली अंथरायला मागतीस?"

"दोन पोती दे रे. घरचंच तर आहे."

चार दिवसांनी जीपवाल्याकडून एकच पोतं आलं, तोंड सुतळीनं घट्ट शिवलेलं. मी हिशेब केला: डालड्याच्या जुन्या डब्यानं सकाळी एक, संध्याकाळी एक. मे महिन्याच्या अखेरपर्यंत पोतं पुरायला हवं. फ्रिजवर तक्ता लावला. एका रकान्यात गोळ्या, दुसऱ्यात भुस्कट. गोळ्या श्रुतीनं घालायच्या आणि संपल्या की खूण करायची. ट्रे सोजरबाईंनी बदलायचा.

*

सोजरबाई आमच्याकडे धुणीभांडी करत. पाच वर्षं करत होत्या. काळ्या, काटक, बोलायला तिखट. सशाचा ट्रे पहिल्यांदा बदलला तेव्हा म्हणाल्या, "आम्हाला आंथरायला धड गोधडी न्हाई, अन् ह्याला रोज नवी गादी. मॅडम, पुढल्या जन्माला मी ससा होणार बघा."

त्या उन्हाळ्यात धुणीभांडी अशी उरलीच नव्हती. पत्रावळ्यांवर जेवायचं, कपडे तीन-तीन दिवस घालायचे. तरी बिल्डिंगमधल्या चार घरांनी सोजरबाईंना सोडलं नाही, कारण आम्हा बायकांचं ठरलं होतं: काम करणारीला प्रत्येक घरानं रोज दोन घागरी द्यायच्या. बिल्डिंगच्या बोअरला तेव्हा अजून थोडं पाणी होतं. वस्तीत तेही नव्हतं. सोजरबाईंचा नवरा दुपारी सायकल घेऊन गेटपाशी यायचा, हँडलला दोन आणि मागं दोन घागरी टांगून, एक हात मागच्या घागरींवर ठेवून सायकल ढकलत न्यायचा. दोन खेपा. आठ घागरी.

त्या आठ घागरींची घरी वाट बघणारं एक माणूस होतं. सोजरबाईंची लेक रेखा बिलोलीहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. घरात बाळंतीण म्हटल्यावर पाणी किती लागतं हे कुणाला सांगायला नको. सोजरबाई रोज हातानं माप दाखवायच्या, नात एवढी आहे, केस एवढे आहेत. "पाण्यात घातली की डोळे मिटून गप पडतीया. तिला काय ठावं दुष्काळ हाय म्हणून."

हे मला माहीत होतं. पुढे जे केलं ते हे माहीत असूनच केलं. म्हणून आधी लिहून ठेवते.

*

एप्रिलच्या मध्यात पोत्याचा तळ दिसायला लागला. मेअखेरीचं भुस्कट दीड महिना आधी संपत होतं. मी तक्ता पाहिला, डबा पाहिला, कचऱ्याची बादली पाहिली. ट्रेमध्ये रोज दोन डबे जात होते आणि ट्रेमधून ओलं भुस्कट जेमतेम ओंजळभर बाहेर येत होतं. उरलेलं कुठं जात होतं? गोळ्यांच्या रकान्यात श्रुतीच्या खुणा ओळीनं लावलेल्या: संपल्या, संपल्या, संपल्या. म्हणजे ससा गोळ्या खात होता. म्हणजे भुस्कट माणूस नेत होतं. इतका सरळ हिशेब परीक्षा विभागातही कधी लागला नव्हता.

सोजरबाईंकडे एक शेळी होती. तुरीच्या भुस्कटावर शेळ्या कशा तुटून पडतात हे आमच्या भागात पाच वर्षांचं पोर सांगेल. आणि त्यांच्या पदराला तुरीच्या पाल्याचे तुकडे चिकटलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. रोज ट्रे उचलणाऱ्या बाईच्या पदराला दुसरं काय चिकटणार, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

मी त्यांना गॅलरीत बोलावलं. सकाळचे साडेआठ, पण फरशीला चटका होता. ससा पिंजऱ्यात कान पाठीला टेकवून बसला होता. दारात श्रुती उभी होती, क्लासचं दप्तर खांद्यावर.

"सोजरबाई, पोत्यात किती डबे राहिलेत ते मोजा."

"मी?"

"हो. तुम्हीच."

मी त्यांना खाली बसवून एकेक डबा वर्तमानपत्रावर ओतायला लावला आणि वर उभी राहून आकडे म्हणत गेले. नऊ डबे भरले. "असायला हवे होते नव्वद," मी म्हणाले. "एक्याऐंशी डबे कुठं गेले?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "उघडं पडतंय म्हणून मी दुपारी बी टाकते की मॅडम एखादा. ससाच खालालाय ते. मी बघितलंय."

"स्वतःच्या संडासात बसून कोण जेवतं हो, सोजरबाई?"

मी हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला आज जास्त लाज वाटते, आरोपापेक्षा. कारण ते खोटं नव्हतं. मला खरंच गंमत वाटली होती.

"देवाशपथ, मॅडम. पोरीला इचारा."

मी श्रुतीकडे पाहिलं. माझ्या हातात तक्ता होता. तिनं तक्त्याकडे पाहिलं, चप्पल पायात सरकवली, आणि म्हणाली, "आई, मला उशीर होतोय."

"शेळीला लागत होतं तर मागायचं होतं," मी म्हणाले. "चोरायला कशाला पाहिजे?"

सोजरबाई उठल्या. वर्तमानपत्रावरचं भुस्कट त्यांनी दोन्ही हातांनी सावडून पोत्यात भरलं, खाली पडलेल्या काड्यासुद्धा बोटानं टिपून घेतल्या. मग पदर उलटा करून माझ्यासमोर झटकला. पाल्याचे तीन-चार तुकडे पडले. "हे बी ठिवून घ्या," एवढं बोलून गेल्या.

तेवढ्यावर थांबले असते तर दोनच घागरी गेल्या असत्या. पण मी नीटनेटकी बाई. दुपारी ग्रुपवर लिहिलं, मुद्देसूद, एक-दोन-तीन करून: किती आणलं, किती राहिलं, कुणी नेलं. शेवटी, "सर्वांच्या माहितीसाठी." सातव्या मिनिटाला पहिला अंगठा आला. संध्याकाळपर्यंत उरलेल्या तीन घरांनीही सोजरबाईंना येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटपाशी सायकल आली. नवऱ्याला कदाचित कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असून तो बघायला आला होता. चार रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. रिकाम्या घागरींचा आवाज भरल्यापेक्षा मोठा असतो. मी खिडकी लावून घेतली. ऊन येत होतं.

*

त्या उन्हाळ्यातलं ऊन मला अजून रंगानं आठवतं. पिवळं नव्हतं, राखेसारखं होतं. आभाळ पत्र्याचं. कडुनिंबाची पानंही धुळीनं करडी झालेली. क्लासेसची पोरं ट्रंका उचलून गावी गेली आणि शहरातल्या गल्ल्या अचानक रुंद दिसायला लागल्या. टाक्यांभोवती पोलीस, टँकरमागं धावणारी माणसं, दारांपुढं कुलूप लावून साखळीत ओवलेल्या घागरी. पाण्याच्या गाडीचे फोटो सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. आम्ही त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचो, जसं कुणाच्या आजारपणाविषयी बोलावं.

आणि घरात मी कडक झाले होते. उरलेले नऊ डबे मी भावाला परत पाठवले, छावणीतल्या बैलांसाठी. माझ्या मनाचा मोठेपणा मलाच बरा वाटला. मुरमुऱ्याच्या ट्रेमध्ये पुन्हा वर्तमानपत्र आलं. श्रुती दोनदा म्हणाली, "आई, भुस्कट आण ना परत."

"आणि कुणाच्या शेळीला चारू?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ससा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आडवा होता. पोट घट्ट, दात किंचित उघडे, ट्रेमधल्या कागदाच्या कडा कुरतडलेल्या. वाटीत गोळ्या होत्या. मी तक्त्यावर शेवटचा शेरा लिहिला, 'ऊन', आणि कागद काढून टाकला. श्रुती रडली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी ते सशाच्या दुःखाच्या खात्यात घातलं.

*

परवाच्या फोनवर मी तिला विचारलं, "मग गोळ्या कोण खात होतं?"

"कुणीच नाही. त्याला आवडायच्याच नाहीत. मी दप्तरात घालून क्लासला जाताना नाल्यात टाकायचे."

"आणि खुणा?"

"संपल्या नाहीत असं लिहिलं की तू विचारायचीस, का नाही संपल्या. नांदेडहून बाबा एवढ्या लांबून आणतात. मग मी खूणच करायचे."

"सोजरबाई म्हणाल्या होत्या, पोरीला विचारा."

पुण्यात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. "तू मला विचारलंच नाहीस आई," ती म्हणाली. "नुसतं बघितलंस. हातात तो कागद धरून." मग म्हणाली, "आपण त्याला उपाशी मारलं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला वाटायचं तुला माहीत असेल."

मला काय काय माहीत असेल असं तिला वाटायचं, हे मी विचारलं नाही.

*

सोजरबाई सापडायला दोन दिवस लागले. ट्यूशन एरियातल्या एका खानावळीत त्या चपात्या लाटतात. पोरं परत आलीत, शहर पुन्हा अरुंद झालंय. दुपारी बारा वाजता त्या गल्लीत सायकलींना वाट नसते. मागच्या बाजूला पत्र्याची शेड. तीन बाया ओळीनं बसलेल्या, मधल्या सोजरबाई. केस पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं, लाटणं थांबवलं नाही.

"बसा मॅडम. पीठ लागंल साडीला."

मी उभीच राहिले. घरून ठरवून आले होते काय बोलायचं ते, मुद्दे काढून. पहिलाच मुद्दा तोंडातून निघाला: "सोजरबाई, भुस्कट ससाच खात होता. मला आता कळलं."

"मग? मी सांगितलंच होतं की तुम्हाला."

शेजारची बाई हसली. सोजरबाईंनी चपाती तव्यावर टाकली.

"रेखा कशी आहे?"

"हाय, बिलोलीला. लेकराला बारावा दिवस लागला अन् लावून दिली बघा. एसटीत, तसल्या उन्हात. इथं काय, ओठ ओले करायला पाणी न्हवतं." त्यांनी पुढचा उंडा घेतला. "पुढं दुसऱ्या बाळंतपणाला पाठविली न्हाई तिला. सासू म्हणली, तुझ्या माहेराला पाणी न्हाई. तिसऱ्यालाबी न्हाई. लेकीचं माहेर तुटलं ते तुटलंच."

"आणि शेळी?"

"कवाच इकली. तिचं काय घेऊन बसलाव."

मी म्हणाले, माझं चुकलं. आयुष्यात हे वाक्य मी फार कमी वेळा म्हटलंय, त्यामुळे ते मोठ्यानं आलं. पोळपाटांवरच्या तिन्ही लाटण्यांचा आवाज थांबला. सोजरबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळ्यांत राग शोधत होते मी. असता तर सोपं गेलं असतं.

"मला कशाला सांगता मॅडम?" त्या म्हणाल्या. "मी घेतलं न्हाई हे मला तवाच ठावं होतं. ज्यांना सांगितलं त्यांना सांगा. त्या साली चार घरं गेली, अन् मग आख्ख्या रस्त्यावर कुणी दारात उभं करंना. बिल्डिंगीचं काम मला अजून मिळत न्हाई." लाटणं पुन्हा फिरायला लागलं. "अन् मोबाइलवर टाकू नका. तोंडानं सांगा. एकेकीला."

तव्यावरची चपाती फुगून खाली बसली. त्यांनी ती उचलून टोपल्यात टाकली, आणि माझ्याकडे न बघता शेजारणीला म्हणाल्या, "सरक की गं जरा. मॅडमला जायला वाट दे."

*

घरी येऊन मी वही उघडली. श्रुतीची यादी अर्धीच होती. डाव्या बाजूला 'खाणं', उजव्या बाजूला 'अंथरूण'. मी मधली रेघ खोडून काढली आणि दोन्हींच्या खाली एकच शब्द लिहून तिला पाठवला: गवत. तिचं उत्तर आलं, "बस एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

मग नवं पान घेतलं. त्या वेळच्या ग्रुपवर कोण कोण होतं ते आठवून लिहिलं. अकरा नावं झाली. दोघी बिल्डिंग सोडून नांदेडला गेल्यात, एक मुलाकडं हैदराबादला. एक वारली, तिचं नाव लिहिलं आणि बराच वेळ तसंच पाहत बसले. खुर्चीच्या गोष्टीतल्या शिपायाचं नाव मात्र मला वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. गोष्टीत त्याला नुसतं 'चोर' म्हणायचे.

पहिलं नाव चौथ्या मजल्यावरच्या बिराजदार काकूंचं. आता लेकाकडं सोलापुरात असतात. फोन उचलल्यावर गुडघे, नातू, पाऊस असं सगळं झालं.

"काकू, आमचा ससा आठवतो का?"

"ससा? तुमच्याकडं ससा होता होय? मला काही आठवंना बाई आता."

"पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी. तुमच्याकडंही कामाला यायच्या, सोजरबाई."

"ती चोरटी होय?" काकू लगेच म्हणाल्या. "तिला न आठवायला काय झालं."

मी सगळं सांगितलं. भुस्कट, ससा, गोळ्या, श्रुतीच्या खुणा, माझा मेसेज. एकही मुद्दा गाळला नाही. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदा 'अगं बाई' म्हणाल्या.

"जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "आता काय त्याचं. पण मी म्हणते, काहीतरी हात लागल्याशिवाय का कुणाचं नाव होतं?"

फोन ठेवल्यावर पेन त्यांच्या नावापुढे नेलं. खूण केली नाही. तिथं 'पुन्हा' असं लिहिलं, आणि दुसरा नंबर लावला.